सातारा व सांगली येथील घरगुती सांडपाणी आणि दुर्गंधीचा शोध

दक्षिण महाराष्ट्रातील नगरांच्या इतिहासात पाणी आणण्याच्या योजनांचा उल्लेख आवर्जून येतो. वापरलेले पाणी घराबाहेर कसे गेले, ह्याचा विचार मात्र क्वचितच आढळतो. ह्या दृष्टीने सातारा व सांगली ही नगरे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. अठराव्या शतकात शाहू छत्रपतींच्या आश्रयाने वाढलेले सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसले. यवतेश्वराच्या बाजूचे पाणी तेथे खापरी नळांनी खेळविले गेले. पुढे कासचे पाणीही उताराच्याच बळावर आले. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव पटवर्धनांनी राजधानी केलेली सांगली कृष्णाकाठच्या सपाटीवर आहे.

जुन्या वाड्यातील मोरी बोळातील उघड्या गटारात किंवा परसातील आळवात रिती होई. ही व्यवस्था स्वच्छ होती असे नव्हे. तथापि वायू उघड्यावरच विरून जाई. मैला डोक्यावरून वाहून नेणाऱ्या जातींच्या माथी मात्र ती दुर्गंधी कायमची मारलेली होती. घराच्या आत दुर्गंधी शिरू लागली ती मुख्यतः बंद नळाबरोबर, कारण घर आणि गटार ही त्यामुळे एकाच पोकळीची दोन टोके झाली.

ह्यावरील उपाय जुनाच आहे. १७७५ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग ह्या घड्याळजीने शौचकूपाच्या नळाला बाक देऊन त्यात पाणी साठते ठेवले. हे दोन-तीन इंचांचे पाणी म्हणजेच दुर्गंधीवरील झाकण होय. भारतीय स्थापत्यग्रंथांत मोरीच्या अशा जाळीला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. त्या नावात आपली न्हाणी ओळखू येते.

दुर्गंधी हेच रोगाचे मूळ, ही समजूत एकोणिसाव्या शतकात प्रबळ होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला, तेव्हा तेथील गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बोलिकने धुऊन काढण्यात आली. पुढील काही वर्षांत साथ दक्षिण महाराष्ट्रात पसरली. उंदरावरील पिसू हे तिचे वाहन असल्याचे पॉल-लुई सिमाँ ह्याने १८९८ मध्ये कराचीत दाखविले. गटाराच्या वासाने प्लेग होत नव्हता. परंतु मोरीत जंतुनाशक ओतून वास मारण्याची सवय घरोघरी टिकली, आणि वास कोठून येतो हा मूळ प्रश्न मागे पडला.

ह्या प्रश्नाचे उत्तर भूमीप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात बंद राहिलेल्या घरात बाकातील पाणी आटते, हे कारण दोन्हीकडे समान. तेथे तांब्याभर पाणी पुरते. चढावरील इमारतीत पाणी नळ भरून वेगाने खाली येते आणि हवेला वाट नसल्यास बाकातील पाणी ओढून नेते. कात्रजहून पुण्यास पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन योजनेत हवेसाठी उच्छ्वास बांधले होते. पाणी आणताना जे तत्त्व पाळले, ते पाणी घालविताना विसरले जावे, हे चमत्कारिक खरे. छपरावर नेलेला वायुनळ म्हणजे तोच उच्छ्वास होय.

सांगलीची अडचण उलट आहे. अल्प उतारामुळे गाळ नळातच बसून कुजतो. पूर आला म्हणजे नदीची पातळी गटाराच्या मुखावर चढते व सांडपाणी मोऱ्यांतून मागे फिरते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. अशा वेळी जलबंध निरुपयोगी ठरतो. एकाच दिशेस उघडणारी झडप लागते.

शोधाची एक जुनी इंग्रजी रीत उल्लेखनीय आहे. वायुनळाच्या वरच्या टोकातून ऊन पाण्याबरोबर पेपरमिंटचे तेल ओतीत आणि दुसरा मनुष्य घरात त्याचा वास कोठे निघतो ते पाही. तेल ओतणाऱ्यास आत येण्याची मनाई असे, कारण त्याच्या अंगालाच तो वास लागलेला असे.

नाकावरील हा विश्वास मात्र घराच्या उंबऱ्यापर्यंतच ठीक. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास त्याचे प्रमाण वाढल्यावर जाणवेनासा होतो, आणि मैलाटाकीत उतरलेल्या कामगारास धोक्याची सूचनाच मिळत नाही. संरक्षक साधनांवाचून असे काम करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली. त्यानंतरही महाराष्ट्रात असे मृत्यू नोंदले गेले आहेत.