प्रस्तावना : ग्राहकाच्या परवानगीने

अमेरिकेत नांगर बनवणाऱ्या जॉन डीअर कंपनीने 1895 साली शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ नावाचे नियतकालिक काढले. पुढे पंचवीस वर्षांनी, 1920 मध्ये, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. हा कारखानाही तेव्हा नांगरांसाठी प्रसिद्ध होता. नांगर ही रोज घ्यायची वस्तू नव्हे. एकदा घेतला की शेतकऱ्याला पुन्हा दुकानाची पायरी चढायला कारण नसते. मधल्या त्या लांब काळात ओळख टिकवायची कशी, हा प्रश्न या दोन्ही कारखान्यांना पडला असणार, आणि दोघांनीही त्यासाठी वाचनीय मजकुराची वाट धरली. ईमेलने जाणारे ग्राहक-वार्तापत्र मी याच परंपरेत बसवतो. साधन नवे आहे, गरज तीच.

या विषयाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. तुम्ही वाणिज्य शाखेत शिकत असा किंवा दुकान सांभाळून रात्री हिशेबाला बसत असा, हा विषय तुमच्या आवाक्यातला आहे. त्यात थोडा कायदा लागतो, थोडे तंत्र लागते, आणि सर्वांत जास्त लागते ते चांगले पत्र लिहिण्याचे कसब.

व्यापारी ईमेलच्या इतिहासाची सुरुवात मात्र चांगली झालेली नाही. 1978 च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या सुरुवातीच्या संगणक-नेटवर्कवरच्या सुमारे 400 जणांना न विचारता नव्या संगणकांची जाहिरात पाठवली, आणि नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी त्यांना चांगलेच सुनावले. विनापरवाना व्यापारी ईमेलचे हे पहिले उदाहरण मानतात. सेथ गोडिन यांचे ‘परमिशन मार्केटिंग’ हे पुस्तक 1999 मध्ये आले आणि परवानगीच्या कल्पनेला व्यापारशास्त्रात नाव मिळाले. भारताच्या 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात तर संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असे तत्त्व आहे. माझ्या मते या विषयातले बाकी सारे या एका वाक्यावर उभे आहे. बिलासाठी घेतलेला पत्ता वार्तापत्राच्या यादीत परस्पर टाकणे म्हणजे ग्राहकाचा विश्वास मोडणे होय. गल्ल्याजवळच्या वहीत नाव-पत्त्याशेजारी ‘पत्र पाठवू का?’ या प्रश्नाचे उत्तर आणि तारीख लिहून घेतली, तर ती यादी खऱ्या अर्थाने तुमची.

देवगडच्या एखाद्या हापूस बागायतदाराचे उदाहरण घेऊ. त्याचा माल वर्षातून दोन-अडीच महिने विकला जातो. दलालाकडे पेट्या पाठवल्या की फळ कोणाच्या घरी गेले ते त्याला कळत नाही. पुण्या-मुंबईची काही घरे थेट पेटी मागवतात, तीच त्याची यादी. या घरांना त्याने एप्रिलमध्ये नुसता भाव कळवला, तर तो अनेकांपैकी एक ठरतो. पण जानेवारीत त्याने लिहिले, ‘यंदा थंडी उशिरा पडली, पहिला मोहोर कमी धरला, त्यामुळे पहिली तोड मार्चअखेरीस होईल, नोंदणी पाडव्यानंतर घेऊ,’ तर भाव चढा का, याचे उत्तर ग्राहकाला भाव कळण्याआधीच मिळालेले असते. पुढच्या पत्रात फळ पिकवायला आढी कशी लावायची, फळ फ्रिजमध्ये लगेच का ठेवू नये, हे सांगावे. आणि साक्याबद्दल, म्हणजे गराच्या आतल्या दोषाबद्दल, आधीच स्पष्ट बोलावे : तो बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावर निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळे भरून देऊ. असे लिहिणाऱ्याकडे लोक पुढच्या वर्षी स्वतःहून विचारणा करतात. म्हणूनच पत्राला उत्तर देता येईल असाच पत्ता वापरावा. उत्तर न घेणाऱ्या पत्त्यावरून पाठवलेले पत्र म्हणजे एकतर्फी घोषणा.

व्हॉट्सअ‍ॅप असताना ईमेल कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आज पेटी निघाली, उद्या पोचेल, हे व्हॉट्सअ‍ॅपवरच कळवावे. पण तिथल्या ब्रॉडकास्टचा संदेश ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे त्यांनाच पोचतो, आणि नियम बदलणे एका कंपनीच्या हाती असते. ईमेलची व्यवस्था कोणा एकाच्या मालकीची नाही. सेवा देणारी कंपनी बदलली तरी यादी उचलून दुसरीकडे नेता येते. शिवाय आढीची कृती असलेले पत्र ग्राहक वर्षभराने शोधूनही काढू शकतो.

तंत्राचा भाग थोडक्यात सांगतो. पत्र स्वतःच्या डोमेनवरून जावे आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी करून घ्याव्यात. पत्र खरोखर तुमच्याकडूनच आले आहे, हे त्यांवरून पटते. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहू यांनी याबाबत कडक धोरण घेतले असून, स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत असाव्यात असे ते सांगतात. मोठ्या कंपनीला हा आकडा किरकोळ वाटेल. पाचशे पत्त्यांच्या यादीत मात्र दोघांनी तक्रार केली तरी 0.4 टक्के होतात. त्यामुळे ‘यादीतून नाव काढा’ हा दुवा लपवू नये. नाराज माणूस शांतपणे निघून जाण्यात दोघांचेही भले आहे.

पत्र किती जणांनी उघडले, या आकड्यावर फार विसंबू नये. 2021 मध्ये अ‍ॅपलने आपल्या मेलमध्ये खासगीपणाचे संरक्षण आणले. तेव्हापासून न वाचलेले पत्रही उघडलेले म्हणून मोजले जाऊ शकते. आलेली उत्तरे आणि आलेल्या मागण्या मोजाव्यात.

अभ्यासाला अजून बरेच शिल्लक आहे. वर्षातून एकदाच पेटी घेणाऱ्याला उरलेल्या दहा महिन्यांत किती पत्रे लिहावीत? तीन हंगाम काहीच न मागवणाऱ्याची जुनी संमती धरून चालावे की पुन्हा विचारावे? नोकरीसाठी बंगळुरूला गेलेल्या मुलाला मराठीत लिहिलेले पत्र अधिक जवळचे वाटते की इंग्रजीतले? ज्याच्याकडे शे-दोनशे पत्त्यांची प्रामाणिक यादी आहे, तो दोन हंगामांच्या नोंदी ठेवून यांची आपल्यापुरती उत्तरे काढू शकतो.