शिवणयंत्र आणि गोधडी

सिंगरचें काळें शिवणयंत्र आणि मराठवाड्यांतील गोधडी ह्या दोन वस्तूंचा एकमेकींशीं संबंध काय, असें कोणी विचारील. एक सातासमुद्रांपलीकडे, प्रचंड कारखान्यांत तयार झालेली; दुसरी घरच्या जुन्या लुगड्यांतून, ओटीवर बसून शिवलेली. एकीवर अनुक्रमांक कोरलेला असतो. दुसरीवर नांव नाहीं, साल नाहीं, शिवणारीची कसलीहि खूण नाहीं. परंतु गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ह्या दोघींची गांठ जालन्यासारख्या गांवांतून पडली, आणि त्या गांठीचा इतिहास हा आपल्या घरांतील श्रमाचा व त्या श्रमाला मिळालेल्या, किंवा न मिळालेल्या, मोलाचा इतिहास आहे.

प्रथम गोधडीकडे पाहूं. संस्कृतांत कंथा हा शब्द जुना आहे. बंगालमध्यें कांथा, सिंधमध्यें रल्ली, कर्नाटकांतील सिद्दी लोकांत कवंदी आणि आपल्याकडे गोधडी अथवा वाकळ, हीं सारीं एकाच गरजेचीं रूपें होत. धुऊन धुऊन मऊ झालेलें सुती कापड थरावर थर रचून धावदोऱ्यानें शिवावयाचें, एवढेंच तिचें तंत्र. पण त्यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. नऊवारी लुगड्याची चौपदरी घडी घातली म्हणजे सव्वादोन वार लांबीचे चार थर मिळतात. एका माणसाच्या पांघरुणाला ते पुरेसे होतात. पोटांत फाटक्या धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे जातात आणि वरच्या अंगाला त्यांतल्या त्यांत धड असलेलें लुगडें येतें. मग कडेपासून आरंभ करून चौकोनांत चौकोन असे टांके घालीत शिवणारी मध्याशीं येऊन थांबते. शेतीचीं कामें उरकल्यावरच्या उन्हाळ्यांत, दुपारच्या सावलीला, शेजारणींच्या सोबतीनें हें काम चाले. त्याला मजुरी नव्हती. गोधडीवर घर निजलें, पण घराच्या जमाखर्चांत ती कधीं चढली नाहीं.

आतां दुसऱ्या वस्तूकडे वळूं. शिवणारें यंत्र करण्याची खटपट अनेकांनीं केली. फ्रान्समधील तिमोनिए ह्या शिंप्यानें १८३० मध्यें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें; पुढल्याच वर्षीं पॅरिसच्या संतप्त शिंप्यांनीं त्याच्या कारखान्यांतील यंत्रें मोडून टाकलीं. पोट बुडेल ही त्यांची भीति होती, आणि ती अगदींच अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. अमेरिकेंत एलायस हौ ह्यानें १८४६ मध्यें, व आयझॅक सिंगर ह्यानें १८५१ मध्यें पेटंट मिळविलें. सुईचें नेढें टोंकाशीं आणावयाचें, वरच्या दोऱ्याचा फांस कापडाखालीं न्यावयाचा आणि त्या फांसांतून खालचा दोरा ओवून घ्यावयाचा, ही त्या यंत्राची किमया. पण यंत्र घरोघर पोंचलें तें केवळ ह्या किमयेमुळें नव्हे. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क ह्यानें १८५६ मध्यें हप्त्यानें विक्रीची पद्धत सुरू केली. ज्याच्यापाशीं एकरकमी पैसा नाहीं त्याच्याहि घरीं यंत्र आधीं येऊं लागलें आणि त्याची किंमत त्याच यंत्रावरच्या कमाईंतून फिटूं लागली. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथें कंपनीनें १८८५ मध्यें नवा विशाल कारखाना चालू केला. १९१३ ह्या एका वर्षांत तेथून दहा लक्षांहून अधिक यंत्रें बाहेर पडलीं.

हिंदुस्थानांत ह्या व्यापाराचा विस्तार नसरवानजी मेरवानजी पटेल ह्या पारशी गृहस्थानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून केला. काम सोपें नव्हतें. जेथें पुरुष धोतर नेसतो आणि स्त्री लुगडें, तेथें शिवावयाचें तें काय? चोळी, बंडी, अंगरखा, टोपी, एवढाच त्याचा प्रांत. तरीहि शिंप्यानें तें यंत्र उचललें. मराठवाड्यांतील नरसी गांवाशीं ज्यांचें नांव जोडलें जातें ते संत नामदेव शिंप्याच्याच कुळांतले. म्हणजे सुई-कातरीचा हा व्यवसाय ह्या भूमींत केवढा जुना, हें सांगावयास नको.

जालना त्या वेळीं निजामाच्या राज्यांत, औरंगाबाद जिल्ह्यांतील एक तालुक्याचें ठिकाण होतें. स्वतंत्र जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजीं. ‘जालना सोनेका पालना’ ही म्हण ज्या भरभराटीची साक्ष देते, ती कापसाच्या व धान्याच्या बाजारपेठेची होती. एकोणिसाव्या शतकांत येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. आणि छावणी म्हटली म्हणजे गणवेश आले, गणवेश आले म्हणजे शिंपी आलाच. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग जालन्यावरून गेला, आणि मुंबईचा माल ह्या पेठेला जवळ आला. ज्या डब्यांतून कापसाचे गठ्ठे बाहेर जात, त्याच मार्गानें गिरणीचें कापड, दोऱ्याच्या रिळा आणि ओतीव लोखंडाचीं यंत्रें आंत येऊं लागलीं.

यंत्र आलें तें आधीं पुरुषाच्या दुकानांत. तेथें त्याच्या प्रत्येक टांक्याला पैसा होता. घरांत त्याच वेळीं त्याची आई किंवा पत्नी हातानें गोधडी शिवीत होती आणि तिच्या टांक्याला पैसा नव्हता. हा भेद यंत्रानें निर्माण केला नाहीं, पण डोळ्यांपुढें आणला. पुढें यंत्र स्त्रीच्या हातीं आलें. रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानें पुण्यास १९०९ मध्यें सुरू झालेल्या सेवासदनांत शिवणकाम शिकविलें जाई. निराधार स्त्रीला घरीं बसून चार पैसे मिळवितां यावेत, हा त्यामागील विचार. लग्नांत मुलीला शिवणयंत्र देण्याची चाल पडली, तिच्या मुळाशींहि हीच दूरदृष्टि होती: सोनें मोडावें लागतें, यंत्र मोडावें लागत नाहीं.

१९२४ मध्यें दिल्लीस रामचंद्रन् ह्या तरुणाशीं बोलतांना महात्मा गांधींनीं यंत्रांवरील आपल्या आक्षेपांतून सिंगरचें शिवणयंत्र वगळलें होतें. पत्नीचे शिवणकामाचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटीं सिंगरनें तें केलें, अशी त्यांची समजूत होती. इतिहास इतका हळवा नाहीं. सिंगर हा नाटकांत कामें करणारा, धंद्याच्या शोधांत असलेला मनुष्य; बोस्टनच्या एका कारखान्यांत दुसऱ्याच्या यंत्राची दुरुस्ती करतांना १८५० मध्यें त्याला आपली युक्ति सुचली. परंतु गांधीजींची कसोटी त्यामुळें खोटी ठरत नाहीं. यंत्र माणसाच्या हातीं राहतें कीं माणूस यंत्राच्या हातीं जातो, हा त्यांचा प्रश्न होता. आणि घरांतील हातमशीन त्या कसोटीस उतरतें.

मग यंत्रानें हातची गोधडी संपविली काय? अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कित्येक गृहिणी आपल्या गोधड्यांवर यंत्राची शिवण मुद्दाम वरून दिसेल अशी घालीत. घरांत यंत्र आहे, हें त्यांतून मिरवितां येई. आपल्याकडे दोघांनीं कामें वांटून घेणें अधिक सोयीचें ठरतें, आणि त्याचें कारण यंत्राच्या रचनेंतच आहे. हातमशीनच्या मुठीच्या एका फेऱ्याला सुई तीन टांके घालते. उजवा हात मुठीवर गुंतल्यामुळें कापड सांवरावयास डावा हातच उरतो. तुकडे जोडणें, कडेला पट्टी लावणें, ह्या सरळ कामांत ही संथ गति फार उपयोगी. पण अख्खी गोधडी एका हातानें फिरविणें कठीण. शिवाय जाड कापडांत खालचा थर यंत्राच्या दात्यांनीं पुढें ओढला जातो, वरचा मागें रेंगाळतो आणि सुरकुत्या पडतात; म्हणून सारे थर आधीं कच्च्या टांक्यांनीं टांचून घ्यावे लागतात. दोन्ही दोऱ्यांची गांठ थरांच्या पोटांत पडावी लागते. ताण चुकला कीं ती वर तरी दिसते, नाहीं तर खालीं फांसे तरी पडतात. यंत्रानें जोडावें आणि हातानें भरावें, ही वांटणी म्हणूनच शहाणपणाची आहे.

गोधडीवर खरें संकट आलें तें दुसरीकडून. सुती नऊवारीची जागा कृत्रिम धाग्याच्या साडीनें घेतली. ती लवकर फाटत नाहीं, घाम टिपत नाहीं, आणि थरावर थर ठेवले तर घसरते. गाडीवर यंत्र बसवून गांवोगांव गोधड्या शिवून देणारे कारागीर आज दिसतात. त्यांच्या यंत्राखालीं येणारें कापड बहुधा हेंच असतें.

जुन्या यंत्रांचें काय झालें? परदेशांत तीं हौसेनें जमविलीं जातात. १९३३ मध्यें निघालेलें सिंगरचें हलकें २२१ क्रमांकाचें यंत्र तिकडील गोधडी शिवणाऱ्यांच्या विशेष आवडीचें आहे. आपल्या घरांत असलेलीं यंत्रेंहि बोलकीं आहेत. अनुक्रमांकाच्या आरंभीं इंग्रजी एफ् किंवा वाय् अक्षर असेल, तर तें यंत्र सामान्यतः १९१० ते १९३५ ह्या काळांत क्लाइडबँकला झालेलें समजावें. आंत होडीच्या आकाराचें लांब शटल असेल, तर घडण जुनी. त्याच्या बॉबिनी आतां शोधाव्या लागतात. वाटोळी बॉबिन असलेल्या पंधरा क्रमांकाच्या घडणीवर पुढें अनेक देशांत यंत्रें झालीं. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनें १९३० नंतरच्या दशकांत पुढें आणलेल्या ‘उषा’चें काळें यंत्रहि त्याच वळणाचें, म्हणून त्याचे सुटे भाग आजहि बाजारांत मिळतात. यंत्र अडकलें असेल तर त्यांत खोबरेल घालूं नये. तें वाळून चिकट होतें. रॉकेलनें जुना मळ सोडवावा आणि मग शिवणयंत्राचेंच तेल द्यावें. पुष्कळदां साठ-सत्तर वर्षांचें यंत्र एवढ्यानें पुन्हां फिरूं लागतें.

आजचें जालना हें भंगार वितळवून लोखंडी सळया करणाऱ्या कारखान्यांचें शहर म्हणून प्रसिद्ध आहे. मोडीच्या तराजूंत शिवणयंत्र हें काहीं किलो लोखंड असतें, त्याहून अधिक कांहीं नाहीं. पुण्यास दिनकर केळकरांनीं दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू जन्मभर जमविल्या, म्हणून त्यांत वावरलेलें जीवन आज आपणांस पाहावयास मिळतें. शिवणयंत्राच्या बाबतींत मात्र आणखी एक गोष्ट करतां येण्याजोगी आहे: तें चालतें ठेवतां येतें. आपल्या घरीं असें यंत्र असेल, तर त्याचा क्रमांक लिहून घ्यावा. तें कोणी, कोठून, किती हप्त्यांनीं घेतलें आणि त्यावर कोणाचें शिक्षण, कोणाचें लग्न निभावलें, हें घरांतील वृद्ध स्त्रियांना विचारून त्याखालीं टिपावें. मग त्याला तेल द्यावें आणि कपाटांतील दोन सुती लुगडीं बाहेर काढावीं. शिवून झालेल्या गोधडीच्या एका कोपऱ्यांत शिवणारीचें नांव आणि साल तेवढें टांक्यांनीं घालावें. यंत्रावर कारखान्याचा क्रमांक आहे. गोधडीवर हातांचें नांव असावयास हरकत नाहीं.