माझदा एमएक्स-५ (पहिली पिढी)

माझदा एमएक्स-५ची पहिली पिढी ही जपानमधील माझदा या कंपनीने इ.स. १९८९ ते इ.स. १९९७ या काळात तयार केलेली दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार होय. अमेरिकेत ती 'मियाटा' आणि जपानमध्ये 'युनोस रोडस्टर' या नावाने विकली गेली. या पिढीस 'एनए' या सांकेतिक नावानेही ओळखले जाते. हिच्या चार लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. साधी रचना, सहज मिळणारे सुटे भाग आणि घरच्या घरी करता येण्याजोगी दुरुस्ती यांमुळे मर्यादित खर्चात जुनी स्पोर्ट्‌स कार बाळगू इच्छिणाऱ्यांमध्ये ती विशेष लोकप्रिय झाली. तथापि अशा गाडीचा खरा खर्च खरेदीच्या किमतीवरून ठरत नाही. पत्र्याला लागलेला गंज आणि आधीच्या मालकांनी ठेवलेली निगा यांवर तो अवलंबून असतो.

इतिहास

इ.स. १९६० च्या दशकात लोटस एलान, एमजीबी यांसारख्या लहान व हलक्या ब्रिटिश गाड्या लोकप्रिय होत्या. पुढे हा प्रकार मागे पडत गेला आणि इ.स. १९८० मध्ये एमजीबीचे उत्पादनही थांबले. त्याच सुमारास बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाचे अधिकारी केनिची यामामोतो यांना अशी स्वस्त व हलकी गाडी बनवण्याची कल्पना सुचवली होती. हॉल पुढे माझदाच्या कॅलिफोर्नियातील कार्यालयात रुजू झाले, तर यामामोतो कंपनीचे अध्यक्ष झाले. प्रकल्पाचे नेतृत्व तोशिहिको हिराई यांच्याकडे होते. घोडा आणि स्वार एकरूप होणे, अशा अर्थाची 'जिन्बा इत्ताई' ही जपानी संकल्पना या गाडीच्या रचनेमागे होती.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील मोटार प्रदर्शनात ही गाडी प्रथम सादर झाली. अमेरिकेत तिची सुरुवातीची मूळ किंमत १३,८०० डॉलर होती. उत्पादन हिरोशिमा येथील कारखान्यात होत असे. इ.स. २००० मध्ये एमएक्स-५ला जगातील सर्वाधिक विकली गेलेली दोन आसनी स्पोर्ट्‌स कार म्हणून गिनीज विश्वविक्रमाची मान्यता मिळाली. सर्व पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी एप्रिल २०१६ मध्ये तयार झाली.

रचना

इंजिन पुढे आणि शक्ती मागील चाकांना, अशी या गाडीची मांडणी आहे. आरंभी तिला १,५९७ घनसेंमी क्षमतेचे, चार सिलिंडर व सोळा झडपांचे, सुमारे ११५ अश्वशक्तीचे इंजिन होते. इ.स. १९९३ पासून १,८३९ घनसेंमीचे, सुमारे १३० अश्वशक्तीचे इंजिनही मिळू लागले. युरोपात नंतरच्या काळात विकल्या गेलेल्या लहान इंजिनाच्या गाड्यांची शक्ती मात्र सुमारे ९० अश्वशक्ती इतकी कमी केलेली होती. बाह्यरूप सारखेच असल्याने हा फरक वरून लक्षात येत नाही.

गाडीचे वजन सुमारे ९५० ते १,००० किलोग्रॅम असून ते पुढील व मागील चाकांवर जवळजवळ समान विभागलेले आहे. चारही चाकांना दुहेरी विशबोन प्रकारचे सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक आहेत. गिअरबॉक्स व मागील डिफरन्शियल यांना ॲल्युमिनियमची एक चौकट जोडते. त्यामुळे ॲक्सलरेटर दाबताच इंजिनाचा प्रतिसाद चालकाला लगेच जाणवतो. या गाडीचा आनंद वेगापेक्षा हलकेपणात आणि या प्रतिसादात आहे. पुढे तीत कोणते बदल करावेत हे ठरवताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

वापरलेल्या गाडीची पाहणी

गंज

या गाडीचा सर्वांत मोठा शत्रू गंज होय. कापडी टपावरून वाहणारे पावसाचे पाणी आसनांच्या मागे दोन्ही बाजूंस असलेल्या नळ्यांतून खाली जाते. या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी दरवाजाखालील पत्र्याच्या पोकळ पेटीत, म्हणजे सिलमध्ये साचते आणि पत्रा आतून सडू लागतो. मागील चाकाच्या पुढचा सिलचा भाग सर्वप्रथम खराब होतो. बाहेरून फोड दिसू लागतात तेव्हा आतील पत्रा बहुधा आधीच गेलेला असतो. ताजा रंग किंवा पुट्टी यांखाली हा दोष झाकला जाऊ शकतो. म्हणून गाडी वर उचलून खालून पाहणे आणि संशयित जागी पत्रा बोटाने दाबून पाहणे आवश्यक असते. पुट्टी भरलेल्या जागी लोहचुंबक नीट चिकटत नाही.

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते. त्यामुळे तेथे वापरलेल्या गाड्यांना गंज अधिक लागतो. तेथील वार्षिक तपासणीत सस्पेन्शन किंवा आसनपट्टा जेथे गाडीला जोडलेला असतो, त्या जागेपासून ३० सेंटीमीटरच्या आत पत्रा कमजोर झालेला आढळल्यास गाडी नापास होते. एमएक्स-५चे सिल नेमके अशा जागांलगत येतात. हा नियम केवळ दिखाऊपणासाठी नाही. टप नसलेल्या गाडीत छताचा आधार नसतो आणि अपघाताच्या वेळी खालचा पत्राच प्रवाशांभोवतीची चौकट टिकवून ठेवतो.

इंजिन

इ.स. १९८९ ते इ.स. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलताना तेथील बोल्ट योग्य जोराने आवळला गेला नाही, तर खाच झिजते, पुली डगमगते आणि इंजिनाची शक्ती घटत जाते. पुलीवर चार खाचा असल्यास क्रँकशाफ्ट जुन्या प्रकारचा आणि आठ असल्यास सुधारित प्रकारचा, अशी ओळख सांगितली जाते. इंजिन चालू असताना पुली डगमगत असेल, तर तो दोष गंभीर मानावा.

थंड इंजिन सुरू करताना येणारा टकटक आवाज बहुधा तेलावर चालणाऱ्या झडप-उचलकांचा असतो आणि अनेकदा तेल बदलल्यावर कमी होतो. इंजिनाच्या मागील बाजूस दिसणारी तेलगळतीही पुष्कळदा कॅमशाफ्टच्या सेन्सरवरील लहानशा रबरी कड्यातून होत असते. ही गळती क्रँकशाफ्टच्या मागील सीलची समजून गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च केला जाण्याची शक्यता असते. सुमारे इ.स. १९९५ पासूनच्या गाड्यांतील तेलदाबाचा काटा खरा दाब दाखवत नाही. दाब पुरेसा आहे किंवा नाही, एवढेच तो सांगतो.

टप आणि बॅटरी

पहिल्या पिढीतील टपाची मागची खिडकी पारदर्शक प्लॅस्टिकची असते. टप खाली घेण्यापूर्वी तिची चेन उघडली नाही तर प्लॅस्टिकला घड्या पडून ते तडकते. बॅटरी सामान ठेवण्याच्या कप्प्यात असते. मूळ बॅटरी बंदिस्त प्रकारची होती आणि तिचे वायू नळीने बाहेर सोडलेले होते. तिच्या जागी स्वस्त साधी बॅटरी बसवल्यास आम्ल सांडून कप्प्याचा तळ गंजतो.

देखभाल

टायमिंग बेल्ट सुमारे एक लाख किलोमीटरनंतर बदलावा लागतो. मात्र वर्षे उलटली की कमी चाललेल्या गाडीचा बेल्टही बदलणे श्रेयस्कर असते. या इंजिनांत बेल्ट तुटला तरी झडपा व पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत. त्यामुळे गाडी रस्त्यात बंद पडते, पण इंजिन सहसा वाचते. पाण्याच्या पंपापर्यंत पोहोचण्यासाठी हाच बेल्ट काढावा लागत असल्याने दोन्ही कामे एकाच वेळी करण्याची पद्धत आहे.

रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळी न राहता तपकिरी दिसू लागली, तर ती ठिसूळ झाली असे समजावे. हे इंजिन मूळ आडव्या मांडणीच्या गाड्यांच्या इंजिनावरून विकसित झाले आहे. त्यामुळे गरम पाणी पुढूनच बाहेर पडते आणि सर्वांत मागचे सिलिंडर तुलनेने अधिक तापते. या कारणाने शीतकरण यंत्रणेकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. गिअर टाकताना जड जात असल्यास क्लचचा खालचा सिलिंडर गळत असण्याची शक्यता असते. हा भाग स्वस्त असून बदलण्यासही सोपा आहे. ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलणे आणि टपाच्या निचरानळ्या दरवर्षी साफ करणे, ही कामे जवळजवळ फुकटात होतात. नळ्या साफ न केल्यास पुढे वेल्डिंगचा मोठा खर्च उभा राहतो.

माझदाने इ.स. २०१७ मध्ये जपानमध्ये या पिढीच्या गाड्यांसाठी पुनरुज्जीवन सेवा जाहीर केली. तिच्याबरोबर टप, टायर यांसारखे काही भाग पुन्हा तयार करण्याचेही ठरले.

फेरबदल

कमी खर्चात फेरबदल करताना अनुक्रम महत्त्वाचा असतो. आधी गाडी मूळ अवस्थेत निर्दोष करावी, नंतर टायर, ब्रेक व सस्पेन्शन यांकडे वळावे आणि शक्तीवाढ सर्वांत शेवटी करावी, असा हा क्रम आहे. जुन्या गाडीतील झिजलेली रबरी बुशिंगे व शॉक अब्सॉर्बर बदलून चाकांचे अलाइनमेंट केले, तरी तिच्या वागण्यात मोठा फरक पडतो.

मूळ चाके १४ इंचांची असून त्यांच्या चार बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर आहे. हे माप इतर अनेक लहान मोटारींतही वापरले जात असल्याने चाके स्वस्तात मिळतात. मात्र फार रुंद व जड चाके बसवल्यास ११५ अश्वशक्तीची ही गाडी मंद वाटू लागते. सस्पेन्शनला वरखाली होण्यास जागा मर्यादित असल्याने आखूड स्प्रिंगा बसवून गाडी फार खाली आणल्यास ती खड्ड्यांवर आपटते. १.८ लिटर गाडीचे मोठे ब्रेक, अधिक भक्कम डिफरन्शियल आणि संपूर्ण इंजिनही १.६ लिटर गाडीत बसवता येते. जुन्या भागांच्या दुकानातून केलेला हा बदल लोकप्रिय आहे. टर्बोचार्जरही बसवता येतो, परंतु त्याबरोबर शीतकरण, इंधनपुरवठा, क्लच आणि डिफरन्शियल यांचाही विचार करावा लागतो.

शर्यतीच्या मार्गावर गाडी नेणाऱ्यांनी आसनांमागे रोल बार बसवणे आवश्यक मानले जाते, कारण उलटलेल्या गाडीत केवळ समोरच्या काचेच्या चौकटीवर विसंबता येत नाही. एअरबॅग असलेले स्टिअरिंग काढून शोभेचे स्टिअरिंग बसवणे हा मात्र सुरक्षिततेचा तोटा होय. ब्रिटनमध्ये असे सर्व फेरबदल विमा कंपनीला कळवावे लागतात. ते लपवल्यास अपघातानंतर भरपाई नाकारली जाऊ शकते.

शर्यतींतील वापर

अमेरिकेत या गाड्यांसाठी 'स्पेक मियाटा' नावाचा स्वतंत्र शर्यत-वर्ग आहे. त्यात सर्व गाड्यांना जवळजवळ सारखेच भाग वापरावे लागतात, त्यामुळे पैशापेक्षा चालकाच्या कौशल्याला महत्त्व येते. इ.स. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या 'ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स' या विनोदी स्वरूपाच्या शर्यतमालिकेत गाडीची किंमत व तयारी यांवर ५०० डॉलरची मर्यादा घातलेली होती. सुरक्षिततेच्या साधनांचा खर्च मात्र या मर्यादेबाहेर ठेवला होता. स्वस्त गाडीतही कोठे काटकसर करू नये, हे या नियमावरून स्पष्ट होते.

भारतातील स्थिती

एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे विकली गेलेली नाही. वापरलेली मोटार आयात करताना ती सर्वसाधारणपणे तीन वर्षांहून जुनी नसावी आणि उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची असावी, अशा अटी असल्याने या पिढीतील गाडी आता या मार्गाने आणता येत नाही. फेरबदलांविषयी मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ लागू होते. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत बदल होईल असे फेरबदल करता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. इंजिन बदलण्यासारख्या कामांना नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे भारतात कोणतीही जुनी स्पोर्ट्‌स कार घेताना नोंदणीपुस्तकातील चॅसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहणे ही पाहणीची पहिली पायरी ठरते.