‘श्वास’: मुलाला खरं कोणी सांगायचं?

आज मराठी सिनेमाच्या इतिहासातलं एक पान उघडू या.

१९५४ साली पहिल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं ते आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा हा मान मराठीकडे परत यायला पुढे पन्नास वर्षं लागली. २००४ मध्ये तो मिळवला संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने. दोन्ही चित्रपटांच्या मध्यभागी एक लहान मुलगा आहे, आणि त्याच्याशी खरं वागणारं घरातलं मोठं माणूस आहे.

माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा चित्रपट. कोकणातले आजोबा नातवाला, परशाला, डोळे दाखवायला शहरात आणतात. निदान होतं डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाचं. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. शिवाय इस्पितळाचा नियम असा, की शस्त्रक्रियेआधी मुलाला हे सांगितलंच पाहिजे. पण सांगायचं कोणी? आणि कोणत्या शब्दांत?

या गोष्टीत खलनायक नाही, म्हणून राग काढायला कोणी सापडत नाही. तो मग जवळच्यांवरच निघतो. काहीतरी लपवलं जातंय हे परशाला कळतं आणि तो आरडाओरडा करतो. कामाच्या ओझ्याखालचे डॉक्टर आजोबांवर चिडतात. शस्त्रक्रिया लांबते आणि आजोबा नातवाला घेऊन वॉर्डातून गायब होतात, तेव्हा तर डॉक्टरांचा संताप अनावर होतो. संध्याकाळी दोघं परत येतात. डोळे आहेत तोवर पोराला जग दाखवून घ्यावं, एवढंच आजोबांच्या मनात होतं. डॉक्टरांना हे उमगतं, तेव्हा त्यांच्या रागाचं काय होतं ते पडद्यावरच पाहा.

आजोबा झालेले अरुण नलावडे चित्रपटाच्या निर्मात्यांपैकीही एक होते. परशाच्या भूमिकेसाठी अश्विन चितळेला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हिंदीच्या रेट्यात मराठी चित्रपटाला प्रेक्षक मिळत नाही असं म्हटलं जात होतं, त्या काळातली ही गोष्ट. भारतातर्फे ‘श्वास’ ऑस्करला पाठवला गेला, तेव्हा तिथल्या प्रचाराचा खर्च निर्मात्यांना झेपणारा नव्हता. मग महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली, शाळकरी मुलांनीही हातभार लावला. नामांकन मिळालं नाही. पण पुढच्या काही वर्षांत नव्या दिग्दर्शकांचे वेगळ्या वाटेचे मराठी चित्रपट येत राहिले, आणि त्या बदलाची सुरुवात बरेच जण ‘श्वास’पासून मोजतात.

आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांना यातला एक प्रश्न जरा जास्तच टोचतो. गावाकडून फोन येतो, “सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस.” आईचं ऑपरेशन होऊन गेल्यावर आपल्याला कळतं. आपण रागावतो, रडतो, आणि पुढच्या वेळी आजीचं आजारपण आपल्याच मुलांपासून लपवतो. “लहान आहेत, त्यांना कशाला सांगायचं?”

परशाही लहानच होता. खरं कळायच्या आधीच तो घाबरला होता, कारण भोवतालचे सगळे गप्प होते.

एखाद्या शनिवारी जरा मोठ्या मुलांना शेजारी बसवून ‘श्वास’ पाहा. संपल्यावर लगेच दिवे लावू नका. मुलं काहीतरी विचारतील. त्यांना जमेल तेवढं खरं उत्तर द्या.