पितळी दिसणाऱ्या पुंगळ्या

१२. ‘पितळी पुंगळ्यांचा ढीग’ : प्रसंग १९४३ मधल्या जर्मन ८८ मिलिमीटर विमानवेधी तोफेच्या ठाण्याचा असल्याने या पुंगळ्या पितळेच्याच होत्या असे वाचकाने धरून चालू नये. काडतुसाच्या पितळेत सुमारे ७० टक्के तांबे असते, आणि जर्मनीला ते बहुतांशी बाहेरून आणावे लागे. त्यात जर्मन तोफांना, अगदी हॉवित्झरांनाही, मागच्या बाजूला सरकत्या ठोकळ्याचे दार असे. दारूचा वायू त्या दाराच्या फटीतून मागे सुटू नये म्हणून धातूची पुंगळी लागेच. नुसत्या कापडी पिशवीतल्या दारूवर भागत नसे. तांब्याची ही भूक भागवणे अशक्य होते, म्हणून पोलादी पुंगळ्या आल्या. त्यांतल्या अनेकांवर गंज टाळण्यासाठी पितळेचा पातळ मुलामा असे. पुढे तोही वाचवून लॅकरचा लेप देऊ लागले. मुलाम्याची पुंगळी डोळ्यांना पितळीच वाटते. लोहचुंबक मात्र तिला चिकटतो, आणि बुडावर नमुना-क्रमांकापुढे ‘एसटी’ ही पोलादाची खूण असते.

पोलाद म्हणजे हरणाऱ्या सैन्याची निकृष्ट तडजोड, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. बार उडाल्यावर पितळ फुगून पुन्हा आकसते, पोलाद तितके सहज आकसत नाही, म्हणून पुंगळी अडकण्याचा धोका वाढतो. पण योग्य उष्णतासंस्कार केल्यास पोलादातही पुरेशी लवचीकता येते. शिवाय जिंकणाऱ्या अमेरिकेनेही त्याच युद्धात १०५ मिलिमीटर हॉवित्झरसाठी पोलादी पुंगळ्या बनवल्या होत्या.