मेलेल्या माणसाच्या नावावर काहीच नाही!

कॅलिफोर्नियातल्या एका मित्राने परवा फोनवर सांगितलं, घरासाठी 'लिव्हिंग ट्रस्ट' केला. ट्रस्टी तोच, लाभार्थी तोच, आणि मनात आलं तर उद्या रद्द करणारा पण तोच. मला वाटलं टॅक्सची काहीतरी भानगड असेल. (आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की देऊळ नाहीतर शिक्षणसंस्था.) पण कधीही रद्द करता येतो म्हणून टॅक्सच्या दृष्टीने माल त्याचाच, एक डॉलरही वाचत नाही. मग कशाला हा उपद्व्याप? तर प्रोबेट टाळायला.

प्रोबेट म्हणजे माणूस गेल्यावर त्याचं मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करून, देणी फेडून, वाटणी करणं. तिथे यासाठी वकिलाची फी कायद्यातच लिहिलीये: पहिल्या १ लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या १ लाखावर ३, त्यापुढे १० लाखांपर्यंत २. म्हणजे १० लाखांच्या घरामागे २३ हजार डॉलर! अंमलबजावणी करणाऱ्यालाही तेवढेच मागता येतात. घरावर ८ लाखांचं कर्ज असलं तरी हिशोब १० लाखांवरच. घर ट्रस्टमध्ये असेल तर मेलेल्याच्या नावावर घर नसतंच. नेमून ठेवलेला पुढचा ट्रस्टी येतो आणि वाटून टाकतो.

शनिवारी थोडं खोदकाम केलं, तर ही आयडिया अमेरिकेची नाहीच. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीन साधारणपणे मृत्युपत्राने देताच येत नसे. ती थोरल्या मुलाला जाणार, आणि वारस बसताना वरच्या सरदाराला किंवा राजाला पैसे मोजायचे. मग लोक जिवंतपणीच जमीन तीन-चार विश्वासू मित्रांच्या नावावर करू लागले. मी आहे तोवर मी वापरणार, नंतर सांगेन त्याला द्या. एक मित्र मेला तरी बाकीचे आहेतच, गेलेल्याच्या जागी नवा घ्यायचा. म्हणजे मालक कधी मरतच नाही! (रिडंडन्सी, दुसरं काय.) याला म्हणत 'यूज'. आठव्या हेन्रीचं उत्पन्न बुडायला लागलं तेव्हा १५३६ साली त्याने कायदा करून यूज मोडीत काढले. त्याच वर्षी उत्तरेत मोठा उठाव झाला, आणि बंडवाल्यांच्या मागण्यांत हा कायदा रद्द करा हीपण होती. १५४० मध्ये बहुतेक जमीन मृत्युपत्राने द्यायची मुभा राजाला द्यावीच लागली.

तीच युक्ती १९६५ मध्ये अमेरिकेत घरोघरी पोचवली नॉर्मन डेसीने. कनेक्टिकटचा हा गृहस्थ वकील नव्हता. 'हाऊ टु अव्हॉइड प्रोबेट!' नावाचं पुस्तक, आत ट्रस्टचे तयार फॉर्म. धडाधड खपलं. न्यूयॉर्कच्या एका वकील संघटनेने त्याला कोर्टात खेचलं, हा विनापरवाना वकिली करतोय म्हणून. खाली डेसी हरला. १९६७ मध्ये राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने निकाल फिरवला: सगळ्यांसाठी छापलेलं पुस्तक म्हणजे एखाद्या अशिलाला दिलेला सल्ला नव्हे.

वकिलांना पोटदुखी होती ती फीचीच, असं माझं तरी मत. पण फॉर्म भरून भागत नाही हेही खरं. घराचं डीड जुन्याच नावावर राहिलं तर ट्रस्ट म्हणजे रिकामा डबा, आणि पोरांची वरात पुन्हा प्रोबेट कोर्टात.

म्हणून रात्री मित्राला विचारलं, काउंटीत ट्रस्टच्या नावाने नवीन डीड नोंदवलंस ना?

"थांब जरा, फाईल बघून सांगतो."