खेळाची बिदागी

नंदुरबारकडच्या जत्रांत कुस्त्यांचा आरंभ रेवड्यांवर होतो; लहान पोरांच्या जोड्या सुटत गेल्या की रक्कम चढू लागते, हलगी कडाडते, आणि अखेरच्या कुस्तीचे इनाम सर्व समुदायासमक्ष पुकारले जाते. पश्चिम खानदेशाच्या अमदानीपासून चालत आलेल्या या रिवाजात मल्लाने आपल्या कसबाचा मोबदला घ्यावा, यात कोणाला लांछन वाटल्याचे ऐकिवात नाही.

अमेरिकेत मात्र १८९२ साली अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर हाच व्यवहार चोरून करावा लागला. पिट्सबर्ग येथील अ‍ॅलेघनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनने, हौशी खेळाचा दंडक उघडपणे मोडण्याची छाती नसल्यामुळे, येल विद्यापीठाचा नामांकित खेळाडू हेफलफिंगर यास गुपचूप पाचारण केले. १२ नोव्हेंबरला तो मैदानात दिसताच प्रतिपक्षाने हरकत घेतली, हुज्जत लांबली, आणि दिवस मावळेल म्हणून सामन्याची मुदतच कमी करावी लागली. निसटलेला चेंडू उचलून त्याने जी धाव घेतली, तिनेच ४-० असा निकाल लागला, कारण टचडाऊनला त्या काळी चारच गुण असत. संस्थेच्या जमाखर्चाचा त्या दिवसाचा कागद पुढे उजेडात आला. जमा १६८३ डॉलर ५० सेंट. खर्ची पाहुण्या संघाचे ४२८, मैदानाचे भाडे ५०, तिघा खेळाडूंचा खर्च ७५, त्यांच्या हॉटेलचे ९, आणि ‘खेळण्याबद्दल रोख’ हेफलफिंगरला ५००. एवढे देऊनही ६२१ डॉलर ५० सेंट शिल्लक! चोरीचा मामला असूनही कारकुनाने नऊ डॉलरसुद्धा सोडले नाहीत, याचे मला मोठे कौतुक वाटते. चार वर्षांनी याच संस्थेने सबंध संघच पगारी उभा केला.

तो खेळ आपल्याकडे पोहोचला तो २०१२ साली, परकीय भांडवलाच्या एलिट फुटबॉल लीगमधून. ‘पुणे मराठाज’ या संघाने दिल्लीचा ६-० असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले खरे. पण शिवारात तो खेळ रुजला नाही.

जे लपवायचे होते त्याचा कागद ओहायोतील कॅन्टनच्या संग्रहालयात आज जपून ठेवला आहे, आणि आमचे चारचौघांत पुकारलेले इनाम हलगीच्या आवाजाबरोबर विरून जाते. म्हणून गावोगावच्या यात्रा कमिट्यांना एवढीच विनंती, की कुस्त्यांच्या हिशेबाच्या जुन्या वह्या कपाटात असल्या तर त्या रद्दीत घालू नयेत.